औषधाच्या पेटंटला हरकत कशी घ्यावी

पेटंट मंजूर होण्याआधी हरकत घेण्याचा हक्क कुणालाही आहे, केजमधल्या माझ्यासारख्या औषध दुकानदारालाही. पेटंट कायदा १९७०, कलम २५(१).

पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर औषधाचं रासायनिक नाव टाकून शोधा, ब्रँडचं नाव उपयोगाचं नाही. अर्ज सापडला की थेट शेवटचे ‘दावे’, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितलाय ते कलमवार मुद्दे वाचा, खरी मेख तिथंच असते. औषध जुनंच, फक्त क्षार (त्याच औषधाचं आम्लाशी वा अल्कलीशी जोडलेलं रूप) नवा, असं दिसलं तर कलम ३(ड) लावा: गुणकारिता वाढल्याचं दाखवल्याशिवाय जुन्या पदार्थाच्या नव्या रूपाला पेटंट नाही.

टीबीवरच्या बेडाक्विलिन या औषधाचं हेच झालं. नंदिता व्यंकटेशन आणि फुमेझा तिसिले, दोघी टीबीतून वाचल्या, पण जुन्या इंजेक्शनांनी दोघींचं ऐकू येणं गेलं. त्यांनी हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये फ्युमरेट क्षाराचा अर्ज फेटाळला गेला. ऊसतोडीवरून खोकत परतणारी माणसं पाहतो, म्हणून हा निकाल मला फार मोलाचा वाटतो.

हरकत फॉर्म ७-अ वर द्या. २०२४ पासून शुल्क लागतं. सोबत अर्जाच्या अग्रक्रम तारखेआधी (त्या शोधासाठी पहिला अर्ज दाखल झाला त्या तारखेआधी) छापलेला शोधनिबंध जोडा आणि त्यावरच्या तारखेला ठळक खूण करा. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून सहा महिने पेटंट देता येत नाही, तेवढ्या अवधीत काम उरका.