बांधाचा वाद: मोजणीच्या आधी आणि नंतर या चुका टाळा

दरवर्षी नांगरटीला बांध वीतभर सरकतो आणि पेरणीच्या तोंडावर भांडण पेटतं. मग कुणीतरी सातबारा नाचवत येतो. पहिली चूक इथेच. सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द सांगत नाही. हद्द असते गट नकाशात, टिपणात (मूळ मोजणीच्या मापांचा कच्चा नकाशा), फाळणीत (पोटहिश्श्यांच्या मोजणीचा नकाशा). या नकला भूमी अभिलेख कार्यालयातून आधी काढा. जुन्या टिपणावरची मापं साखळी-आण्यात असतात: एक साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. साखळीचा चौरस म्हणजे बरोबर एक गुंठा, 1,089 चौरस फूट. एवढं कळलं तरी टिपण डोळ्यांपुढे उभं राहतं.

मोबाइल घेऊन शेताभोवती चक्कर मारायची आणि 'चार गुंठे कमी भरले' म्हणून आरोळी ठोकायची, असले मोजणीदार हल्ली गावोगाव झालेत. शंभर मीटर लांबीचा बांध एक मीटर इकडेतिकडे झाला की जवळपास एक गुंठ्याचा फरक पडतो. फोनचं जीपीएस तीन-चार मीटर सहज चुकतं. हिशेब तुम्हीच करा.

मोजणीच्या अर्जात सगळ्या लगतधारकांची, म्हणजे बांधाला बांध लागून असलेल्यांची, नावं-पत्ते द्या. गट शिवेवर असेल तर पलीकडच्या गावचा शेजारीही लगतधारकच. त्याचं नाव राहिलं की मोजणीच्या दिवशी तोच आधी आडवा येतो. उभ्या उसात मोजणी नको, रान मोकळं होऊ द्या. शेजाऱ्याच्या मोजणीची नोटीस तुम्हाला आली असेल तर रुसून घरी बसू नका. सही दिली नाही म्हणून मोजणी थांबत नाही. हजर असाल तर हरकत तरी नोंदवता येते.

भूकरमापकाने, म्हणजे सरकारी मोजणीदाराने, खुणा दाखवल्या की मंडळी चहाला जातात. सकाळी खुंट्या जागेवर असतीलच असं नाही. दगड आधी आणून ठेवा, त्याच दिवशी गाडा, फोटो काढा. 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अंतिम नकाशा, हाती आली की तिच्याशी ताडून बघा.

मोजणी पटली नाही तर दगड उपटू नका. निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागा; त्यानंतर सुपर निमताना, म्हणजे त्याच्याही वरच्याकडून. आणि अतिक्रमण निघालं तरी रान आपोआप परत मिळत नाही. भूकरमापक हद्द दाखवतो, ताबा देत नाही. त्यासाठी महसूल खात्याकडे नाहीतर दिवाणी कोर्टात जावं लागतं. 'बघू पुढच्या वर्षी' म्हणत 12 वर्षं घालवलीत, तर पलीकडचा प्रतिकूल ताब्याचा दावा, म्हणजे 'इतकी वर्षं कब्जा माझा, आता रानही माझंच', सांगायला मोकळा.