शाळेच्या पोरांना इंजिनीअरिंग दाखवताय? या चुका टाळा

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत कोल्हापुरात नववी-दहावीच्या मुलांसाठी इंजिनीअरिंगच्या कार्यशाळांचं पेव फुटतं. हेतू चांगलाच असतो. चुका मात्र दरवर्षी त्याच.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे 9 व्होल्टची ती चौकोनी बॅटरी. स्वस्त आणि सुटसुटीत, म्हणून जो तो तीच आणतो आणि मोटारीला जोडतो. एका कार्यशाळेत मला मदतीला बोलावलं होतं. काळ्या पट्टीवरून धावणाऱ्या गाड्या बनवायच्या होत्या. गाडी हातात उचलून धरली की चाकं गरगर फिरायची, फरशीवर ठेवली की वीतभर जाऊन थांबायची आणि आर्डुइनोचा, म्हणजे गाडी चालवणाऱ्या छोट्या बोर्डाचा, प्रोग्राम पहिल्यापासून सुरू व्हायचा. शिकवायला आलेली कॉलेजची पोरं लॅपटॉपला चिकटलेली. डिले वाढव, डिले कमी कर, सेन्सर बदल. जेवणं गार झाली. शेवटी कागलची एक मुलगी वैतागून म्हणाली, "सर, उचलली की चालतीय, खाली ठेवली की बंद पडतीय. मग प्रोग्राम कसा चुकला असेल?"

त्या खोलीतली एकमेव इंजिनीअर तीच. बॅटरीवर व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर लावला. मोटार बंद असताना आकडा 9 च्या आसपास, गाडी जमिनीवर ठेवून मोटार चालू केली की धाडकन खाली. या बॅटरीच्या आत सहा चिमुकले सेल असतात, अंतर्गत रोध जास्त, म्हणजे जास्त करंट ओढला की तिचं व्होल्टेज आतच खर्ची पडतं. वजन ओढताना मोटार जास्त करंट मागते, व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रीसेट होतो. मी मोटारीला पेन्सिल सेलचा चौकडा वेगळा देतो, बोर्डाला वेगळा पुरवठा, आणि दोन्हींच्या निगेटिव्ह तारा एकत्र. आणि मल्टिमीटर हातात आल्याशिवाय कुणालाही लॅपटॉप उघडू देत नाही. पोरं कुरकुरतात.

तीच बॅटरी एलईडीला थेट जोडणारेही भेटतात. करंट आवरायला मध्ये 470 ओहमचा रेझिस्टर घाला. पैशांत मिळतो, तेवढा कंटाळा कशाला?

तयार किटवरही माझा राग आहे. नंबर घातलेले भाग, छापील पान, आणि संध्याकाळी साठ पोरांच्या हातात साठ सारख्या वस्तू. ठरवायचं काही उरतच नाही. कोल्हापुरात तर किटची गरजच काय? कसबा बावड्याचा पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पावसाळ्यात रोज बातम्यांत असतो. पंचगंगेची 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात खांबांच्या खाचांत फळ्या घालून पाणी अडवतात, पावसाळ्याआधी त्या काढून घेतात. तोच मी टबात करायला लावतो, फळ्यांच्या जागी फाईलच्या कव्हरच्या पट्ट्या. पाणी ओतण्याआधी प्रत्येकानं वहीत लिहायचं, कुठली पट्टी जास्त वाकेल. बरेच जण मधली लिहितात. फुगते तळाची, कारण दाब खोलीबरोबर वाढतो, एका मीटरला चौरस मीटरवर सुमारे 1000 किलो वजनाइतका. इथं एखादे सर हमखास मध्येच उत्तर सांगून टाकतात. अशा सरांना मी चहा सांगायला बाहेर पाठवतो.

आईस्क्रीमच्या काड्यांचा पूल करताना ग्लू गन नको. फेव्हिकॉल लावा, कपड्यांचे चिमटे लावा, रात्रभर वाळू द्या. त्याच दिवशी वजन टांगायची घाई असेल तर पूल करूच नका. आणि चौकोनांना तिरपी काडी घालायला सांगू नका. एकदा चौकोन मुडपू दे, मग पोरं आपणच त्रिकोण करतात.

उद्घाटनाची भाषणं दहा मिनिटांत आटपा. एका टेबलाला चारच्या वर मुलं नकोत, पाचवा नुसता फोटो काढत बसतो.

शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, दाखवायला नेता, तर आधी वाळूचा साचा मुलांना स्वतः करू द्या, त्यात लोखंडाऐवजी प्लास्टर ओता. साचा फुटला की वाळूत ओलावा किती हवा ते हाताला कळतं. मग खऱ्या भट्टीसमोर तीच पोरं प्रश्न विचारतात, नाहीतर नुसती सेल्फी. लोखंडाचा रस 1400 अंशांच्या आसपास असतो; ओल्या जागी सांडला तर पाण्याची क्षणात वाफ होऊन तो उडतो. म्हणून चप्पल घालून आलेल्या पोराला मी गेटवरूनच माघारी पाठवतो. पालक फोन करून भांडतात. भांडू देत.