विश्लेषणासाठी डेटा देण्याआधी ओळख कशी पुसावी

डेटा बाहेर द्यायचा म्हटलं की नाव आणि फोनचे कॉलम उडवून फाइल पाठवली जाते. तेवढ्याने भागत नाही. १९९७ च्या सुमारास संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या निनावी आरोग्यनोंदी मतदारयादीशी ताडून पाहिल्या. जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा कोड एवढ्यावर खुद्द गव्हर्नरांची नोंद हाती लागली.

माहिती घेताना लोकांना जे काम सांगितलं होतं, त्याहून वेगळ्या कामाला फाइल जाणार असेल तर तिथेच थांबा, आधी परवानगी. ती असेल तर कॉलम वाटून घ्या: थेट ओळख (नाव, फोन), आडून ओळख (वय, लिंग, पत्ता, व्यवसाय) आणि नाजूक माहिती (आजार, पगार). गरज नसलेला कॉलम काढाच. ‘पुढेमागे लागेल’ ही सबब ऐकू नका. ‘शेरा’ हा कॉलम सगळ्यात दगाबाज, त्यात घरच्यांची नावंही निघतात.

दोन फाइली फोन नंबरवर जोडायच्या असतील तर नंबराच्या जागी नुसता हॅश (नंबरावरून सूत्राने काढलेला, सरळ उलटवता न येणारा संकेत) ठेवणं कुचकामी. दहा अंकी नंबरच्या शक्यता फार तर एक हजार कोटी. सगळ्यांचे हॅश काढून जुळवायला साधं ग्राफिक्स कार्ड पुरतं. हॅश करताना गुप्त किल्ली वापरा, ती वेगळी ठेवा, काम झालं की नष्ट करा.

मग आडून ओळख ढोबळ करा. १४-०३-१९८३ चं ‘१९८०–८४’, पोस्टाच्या कोडचे सुरुवातीचे तीनच अंक. या कॉलमांवर पिव्होट टेबल (स्प्रेडशीटमधली गटवार मोजणी) लावा आणि प्रत्येक गटात किती ओळी पडतात ते बघा. पाचाहून कमी पडल्या तर पट्टा (‘१९८०–८४’ सारखा टप्पा) रुंद करा, नाहीतर त्या ओळी गाळा. आजारांच्या डेटाला दहा धरलेले बरे. आणि गटातल्या सगळ्यांना एकच आजार असेल, तर गट कितीही मोठा असो, गुपित फुटलंच.

सरासरीसुद्धा चुगली करते. २० जणांचा सरासरी पगार ४०,०००. एक जण सोडून गेल्यावर १९ जणांचा ३९,०००. ८,००,००० मधून ७,४१,००० वजा केले की गेलेल्याचा पगार ५९,०००. गोल आकडे देऊन सुटका नाही, हे गोलच होते! लहान गटांचे आकडे वारंवार देऊ नका. द्यावेच लागले तर डिफरन्शियल प्रायव्हसीने मोजूनमापून यादृच्छिक फरक मिसळा.

पाठवण्याआधी फाइल न पाहिलेल्या सहकाऱ्याला अर्धा तास द्या आणि ओळखीचं कुणी सापडतं का ते शोधायला सांगा. सापडलं, तर पुन्हा पट्टे रुंद करण्यापासून सुरुवात.