‘मी रोबोट नाही’ हे वेबसाइटला पटवायचं कसं, कॅप्चाने डोकं फिरलेल्यांसाठी

सिग्नल निवडा, आता सायकली निवडा, आता परत सिग्नल निवडा, आणि एवढं करून वर लाल अक्षरात ‘पुन्हा प्रयत्न करा’. हे झालं की आपण चित्रं अजून डोळे फाडून बघायला लागतो, झूम करतो, बायकोला बोलावून दाखवतो की ही बस आहे की ट्रक. पण बऱ्याचदा गडबड चित्रात नसतेच, ती तुमच्या ब्राउझरमधे नाहीतर नेटवर्कमधे असते आणि ती तिथेच सोडवावी लागते. म्हणून आधी समोर कुठला कॅप्चा, म्हणजे माणूस की यंत्र हे ओळखायची परीक्षा, आलाय ते ओळखा, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

आपल्याकडे सरकारी साइटवर, म्हणजे सातबारा, पीएफ, आधार, कोर्टाची केस बघणं वगैरे, जास्त करून तो जुना प्रकार असतो, वाकडीतिकडी अक्षरं किंवा पाच अधिक तीन किती असली बेरीज. इथे कोणी तुमचा माउस कसा फिरतो ते बघत नाही, अक्षरं बरोबर की चूक एवढंच. त्यामुळे इथल्या चुका अगदी साध्या असतात. सगळ्यात कॉमन म्हणजे कीबोर्ड मराठीत राहिलेला असतो आणि आकडे देवनागरीत पडतात, आपल्याला सात तो सातच दिसतो पण सर्व्हरच्या लेखी तो वेगळाच कॅरेक्टर. दुसरं, फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो, आणि वरच्या सजेशनवर बोट लागलं तर शब्दापुढे एक स्पेस टाकून देतो जी दिसतपण नाही. बऱ्याच कॅप्चांना लहान-मोठं अक्षर बदललेलं चालत नाही, जसं आहे तसंच हवं. शून्य आणि ओ, छोटा एल आणि मोठा आय आणि एक, हे आलं की अंदाज लावत बसू नका, बाजूचं गोल बाणाचं बटन दाबा आणि सोपं काही येईपर्यंत दाबत रहा, नवीन मागितल्याचा दंड नाही.

आणि मग ती केस, अक्षरं हंड्रेड टक्के बरोबर आहेत तरी ‘इनव्हॅलिड कॅप्चा’. हे बहुतेक वेळा सेशनचं लफडं असतं. तुम्ही पेज उघडलं तेव्हा सर्व्हरने एक उत्तर लक्षात ठेवलं, मग तुम्ही त्याच साइटचा दुसरा टॅब उघडला की अनेक साइटवर जुनं उत्तर पुसून नवीन बसतं, आणि तुम्ही पहिल्या टॅबमधे जुनंच भरताय. किंवा फॉर्म लांबलचक होता, गट नंबर शोधायला आत गेलात, आईला विचारलं, चहा झाला, तोवर सेशन संपलं. म्हणून एका साइटचा एकच टॅब, सगळी माहिती आधी भरा, मग कॅप्चा रिफ्रेश करा, तो भरा आणि लगेच सबमिट. ब्राउझरचं बॅक बटन अजिबात नको. फोनवर चित्र अर्धं कापलेलं दिसत असेल तर क्रोमच्या तीन टिंबांत ‘डेस्कटॉप साइट’ करून बघा.

रेल्वेच्या तत्काळ तिकिटवाल्यांसाठी वेगळं सांगायला पाहिजे, कारण तिथे दहा सेकंदपण महाग. एसीचं तत्काळ सकाळी १० ला आणि नॉन-एसीचं ११ ला उघडतं, तर लॉगिनचा कॅप्चा दहाच्या ठोक्याला भरत बसू नका, थोडं आधी आत जाऊन बसा, पण फार आधी नको नाहीतर काही न केल्यामुळे बाहेर फेकतं. प्रवाशांची नावं मास्टर लिस्टमधे आधीच टाकून ठेवा. आणि जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधारने व्हेरिफाय केलेलं अकाउंट लागतं आणि ओटीपीपण येतो, त्यामुळे ते काम आदल्या आठवड्यात उरका आणि आधारला जोडलेला नंबर हातात असू द्या, तो नंबर गावाला काकांकडच्या फोनमधे असेल तर कॅप्चा कितीही फास्ट भरून उपयोग नाही.

आता चित्रंवाला आणि चौकोनात टिक करायचा प्रकार. इथे खेळ वेगळाच आहे. टिकचा चौकोन गुगलने २०१४ च्या शेवटी आणला, आणि तेव्हापासून तुमच्या उत्तराइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, वजन तुम्ही कोण वाटता याला आहे, म्हणजे ब्राउझर कुठला, कुकीज (साइटने ब्राउझरमधे ठेवलेल्या खुणा) आहेत का, या आयपी पत्त्यावरून (तुमच्या नेट कनेक्शनचा नंबर) आधी काय काय झालंय. २०१८ ला जो तिसरा व्हर्जन आला त्यात तर चित्रच नाही, मागच्या मागे ० ते १ मधे स्कोर लागतो आणि साइट ठरवते तुमचं काय करायचं. सोसायटीच्या वॉचमनसारखं आहे, ओळखीचा चेहरा असेल तर नुसती मान हलवतो, नसेल तर रजिस्टर, फोन नंबर, कुणाकडे जायचंय सगळं. आता इनकॉग्निटोमधे म्हणजे खाजगी खिडकीत, व्हीपीएन म्हणजे आयपी पत्ता लपवणारं अ‍ॅप लावून, कुकीज पुसून गेलात म्हणजे तोंडाला रुमाल बांधून गेटवर उभं राहिल्यासारखं झालं, चित्रांवर चित्रं येणारच.

त्यामुळे तिसऱ्यांदा फेल झालात की चित्रं सोडवायचं थांबवा आणि हे करा. व्हीपीएन बंद, इनकॉग्निटो सोडून साध्या खिडकीत उघडा, जाहिराती अडवणारा अ‍ॅडब्लॉकर तेवढ्या साइटपुरता बंद, ब्राउझर अपडेट आहे का बघा, आणि फोनची तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर आहे का तेपण. हसू नका, जुन्या लॅपटॉपची बॅटरी उतरून घड्याळ मागे गेलेलं असतं आणि ते ‘तुम्ही माणूस आहात का तपासतोय’चं चक्र तासभर फिरत राहतं. हे चक्र म्हणजे बऱ्याचदा क्लाउडफ्लेअर या साइटना संरक्षण देणाऱ्या कंपनीचं टर्नस्टाइल, २०२२ ला आलं, त्यात सोडवायला काहीच नसतं, सगळी तपासणी ब्राउझर मागच्या मागे करतो, म्हणून तिथे रागाने दहा वेळा टिक करून उपयोग नाही. मोबाइल डेटावर असाल तर आणखी एक भानगड, कंपन्या बऱ्याच गिऱ्हाइकांना एकाच आयपी पत्त्यामागे बसवतात, त्यातल्या कोणी उद्योग केले की संशय सगळ्यांवर. एअरप्लेन मोड चालू करून बंद करा, बऱ्याचदा पत्ता बदलतो, नाहीतर घरच्या वायफायवर या. आयफोनवाल्यांना सोपं आहे, आयओएस १६ पासून सेटिंगमधे आपल्या नावावर जाऊन ‘साइन-इन अँड सिक्युरिटी’मधे ‘ऑटोमॅटिक व्हेरिफिकेशन’ असतं, ते चालू असेल तर ज्या साइट ते मानतात तिथे कॅप्चा येतच नाही.

तरी चित्रं आलीच तर. ही सगळी अमेरिकेतली दुनिया आहे, आपली नाही. फायर हायड्रंट म्हणजे फूटपाथवरचा तो बुटका लोखंडी नळ, आग विझवायला पाणी घ्यायचा, आपल्या गल्लीत शोधून सापडणार नाही. क्रॉसवॉक म्हणजे झेब्रा क्रॉसिंग. तिकडचे सिग्नल बऱ्याचदा रस्त्याच्या वर टांगलेले असतात म्हणून वर बघा, आणि पिवळी दिसली की स्कूलबस. आता तो जागतिक प्रश्न, सिग्नलचा खांब धरायचा का. मी नाही धरत, दिव्याची पेटी ज्या चौकोनांत आहे तेवढेच, आणि कोपऱ्यात नखाएवढं टोक आलं असेल तर तेही सोडतो. चौकोन दाबल्यावर तिथे हळूहळू नवीन चित्र येत असेल तर ते पूर्ण येईपर्यंत थांबा, घाईत व्हेरिफाय दाबला की नव्या चित्रातली बस राहून जाते. काहीच नसेल तर स्किप असतं, उगाच एखादं दाबायचं नाही. टिक मिळाली की ती दोनच मिनिटं टिकते, म्हणून हीपण फॉर्मच्या शेवटीच करा.

नजर अधू असेल, आजी-आजोबा असतील, तर हेडफोनचं चिन्ह दाबून आवाजाचा कॅप्चा घ्या. इंग्रजी असतो आणि मागे खरखर असते, पण घरातलं कोणी पटकन ऐकून टाइप करू शकतं. बँकेच्या व्हिडिओ केवायसीत किंवा पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यात चेहरा दाखवताना डोळे मिचकवायला लावतात तीपण माणूसपणाचीच परीक्षा, तिथे चष्मा काढा, उजेड तोंडावर पाहिजे, खिडकी पाठीमागे नको. आणि ज्यांना मिचकवणं शक्यच नाही त्यांच्यासाठी सुप्रीम कोर्टाने ३० एप्रिल २०२५ ला डिजिटल सोयी वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगून केवायसीबद्दल २० निर्देश दिलेत, तेव्हा बँकेत ‘सिस्टिम घेत नाही’ म्हणाले तर दुसरा मार्ग द्या असं ठणकावून आणि लेखी मागा.

गंमत म्हणजे एवढं करून यंत्र अडतात असंही नाही. २०२३ च्या एका अभ्यासात वाकड्या अक्षरांच्या कॅप्चात बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, माणसांपेक्षा फास्ट आणि जास्त अचूक निघाले, आणि २०२४ ला झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी गुगलचा चित्रंवाला प्रकार शंभर टक्के सोडवून दाखवला. म्हणजे अडतो तो आपणच, स्लो नेटवाला. शिवाय पैसे देऊन माणसांकडून कॅप्चा सोडवून घेणारा धंदापण आहेच, आणि त्याचीच शेपटी म्हणजे ‘घरबसल्या कॅप्चा टायपिंग, रजिस्ट्रेशन फी भरा’ वाल्या जाहिराती, कामासाठी आधी फी मागितली की तिथूनच मागे फिरा.

शेवटचं, आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगा. वैतागलेला माणूस कॅप्चा म्हणेल ते करतो हे चोरांना बरोबर कळलंय. खोटं ‘मी रोबोट नाही’ पेज येतं, टिक केलं की म्हणतं विंडोजचं बटन आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. त्या टिकने तुमच्या क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं जिथे राहतं तिथे) एक कमांड कॉपी झालेली असते आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता, पासवर्ड चोरणारा प्रोग्राम आत. कुठलाही खरा कॅप्चा ब्राउझरच्या बाहेर काही करायला सांगत नाही, काही डाउनलोड करायला नाही, नोटिफिकेशनला अलाव म्हणायला नाही, ओटीपी द्यायला तर नाहीच. कोणी केलंच असेल तर आधी नेट काढा, दुसऱ्या फोनवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला आणि सगळीकडून लॉगआउट मारा, त्या कॉम्प्युटरवर विंडोज परत टाकेपर्यंत बँकेचं काही करू नका, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.