लावा पक्ष्यांची अंडी : दिव्याआधीची तयारी

घरी पाळलेले लावे अंडी देत नाहीत असे दिसले की बहुतेकांचा हात आधी दिव्याच्या बटणाकडे जातो. अंड्यांचे चक्र प्रकाशावर चालते हे खरेच आहे. परंतु वय, निवारा आणि खाद्य यांची तयारी नसताना दिवसाची लांबी वाढवली, तर ज्या कामाचे साहित्यच शरीरात नाही ते काम मादीच्या गळ्यात पडते आणि मऊ कवचाची, विद्रूप किंवा अडकलेली अंडी पाहण्याची वेळ येते. म्हणून या यादीत प्रकाशाचा क्रम मुद्दाम शेवटी ठेवला आहे. येथे दिलेले आकडे जपानी लाव्यांचे आहेत. बॉबव्हाइट जातीचे लावे ऋतूनुसार अंडी घालतात आणि बटण लावे आकाराने फारच लहान असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी हेच हिशेब जसेच्या तसे धरू नयेत.

सर्वप्रथम आपल्याकडे माद्या आहेत याची खात्री करून घ्यावी. ही सूचना अनाठायी वाटेल, पण दोन नर पाळून अंड्यांची वाट पाहणारे लोक कमी नाहीत. मूळ तपकिरी रंगाच्या लाव्यांमध्ये नराची छाती एकसारखी तांबूस असते, तर मादीच्या फिकट छातीवर काळसर ठिपके असतात. हा फरक साधारण तीन-चार आठवड्यांच्या वयापासून कळू लागतो. पांढऱ्या किंवा ठिपके नसलेल्या रंगांच्या पक्ष्यांमध्ये मात्र पिसांवरून काही ठरवता येत नाही. तेथे पक्षी वयात आल्यावर त्याच्या गुदद्वाराच्या वरच्या कडेची फुगीर ग्रंथी पाहावी. ती हलके दाबल्यावर पांढरा फेस आला तर तो नर आहे. मादी साधारण सहा ते आठ आठवड्यांची झाली की अंड्यावर येते, म्हणजे अंडी घालू लागते, त्यापूर्वी तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये. विकत आणलेल्या पक्ष्याचे वय विक्रेत्याला नेमके विचारून लिहून ठेवावे, कारण पहिल्या वर्षानंतर अंड्यांचे प्रमाण आपोआप उतरत जाते आणि तेथे कोणताही उपाय फारसा चालत नाही.

केवळ खाण्यासाठी अंडी हवी असतील तर नराची गरज नाही. पिल्ले हवी असल्यास एका नरामागे तीन ते पाच माद्या ठेवाव्यात. नर जास्त झाले की ते माद्यांच्या डोक्यावरची व पाठीवरची पिसे उपटतात, आणि सतत पळत राहणारी मादी अंडी घालणे थांबवते. मानेमागे उघडी पडलेली कातडी दिसली तर खाद्य बदलण्याआधी नर वेगळा करावा.

निवाऱ्याच्या बाबतीत जागेइतकेच उंचीला महत्त्व आहे. घाबरलेला लावा सरळ वर उसळतो. त्यामुळे पिंजऱ्याचे छत एक तर फूटभर उंचीचे असावे, म्हणजे त्याला वेग घेता येत नाही, किंवा माणूस उभा राहील इतके उंच असावे. मधल्या उंचीच्या पिंजऱ्यात डोकी फुटतात. छताच्या आतून मऊ जाळी ताणून बसवणे उत्तम. प्रत्येक पक्ष्यासाठी निदान एक चौरस फूट जागा धरावी. तळ पूर्ण जाळीचा न ठेवता भरीव ठेवून त्यावर लाकडाचा कोरडा भुसा पसरावा आणि एका पसरट भांड्यात कोरडी वाळू ठेवावी, कारण धूळस्नान न मिळालेले पक्षी बेचैन राहतात. कोपऱ्यात गवताचा झुपका किंवा उलटे ठेवलेले खोके असावे. पाळीव लाव्यांमध्ये अंड्यावर बसण्याची सवय जवळजवळ उरलेली नाही आणि ते घरट्याच्या पेटीची वाटही पाहत नाहीत, मनात येईल तेथे अंडे टाकतात. परंतु आडोसा असला की माद्या शांत राहतात. मांजर, कुत्रा किंवा उंदीर पिंजऱ्याजवळ फिरकणार नाही असे पाहावे. पिंजऱ्याची जागा एकदा ठरली की ती बदलू नये, कारण जागा बदलल्यावर चांगल्या अंड्यावर असलेल्या माद्याही कित्येकदा एक-दोन आठवडे अंडी देत नाहीत. नव्याने आणलेल्या पक्ष्यांनाही एवढा अवधी द्यावाच.

आता खाद्याकडे वळू, कारण खरी अडचण बहुधा तेथेच असते. लाव्याचे अंडे 10 ते 12 ग्रॅमचे आणि मादी दीडशे ते दोनशे ग्रॅमची. म्हणजे ती आपल्या वजनाच्या सहा-सात टक्क्यांइतके अंडे घालते, तर कोंबडीचे अंडे तिच्या वजनाच्या तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास भरते. हे प्रमाण लक्षात घेतले की अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे साधे ‘लेअर’ खाद्य लाव्यांना का पुरत नाही ते उमगते. त्यात प्रथिने बहुधा 16-17 टक्के असतात, लाव्याच्या अंड्यावरच्या मादीला सुमारे 20 टक्के लागतात, आणि वाढत्या पिल्लांना तर 24 टक्क्यांच्या आसपास. खाद्याच्या पिशवीवरील चिठ्ठी वाचून हा आकडा तपासावा. दाणा बारीक भरड असावा, कारण मोठ्या गोळ्या त्यांना गिळता येत नाहीत. एक मादी दिवसाला 20 ते 25 ग्रॅम खाते, आणि तेवढ्यातच सगळे पोषण बसवायचे असल्याने धान्य व हिरवा पाला हे केवळ चवीपुरते द्यावेत. मूठभर धान्याने पोट भरले की प्रथिनांचा हिशेब बिघडतो.

कॅल्शियम अंड्यावरच्या मादीच्या खाद्यात अडीच ते तीन टक्के असावे, पण वयात न आलेल्या पक्ष्यांना हे प्रमाण देऊ नये. जादा कॅल्शियमने त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते. म्हणून शिंपल्यांचा चुरा खाद्यात न मिसळता वेगळ्या वाटीत ठेवावा. ज्या मादीला गरज आहे ती तो उचलते, नर आणि लहान पक्षी फारसे तोंड लावत नाहीत. कॅल्शियम अंगी लागण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. बंद काचेच्या खिडकीतून येणारे ऊन त्या कामी उपयोगी पडत नाही, तेव्हा घरात ठेवलेल्या पक्ष्यांची सारी भिस्त खाद्यातील जीवनसत्त्वावर असते. महिनोन्महिने उघडे पडलेले खाद्य त्यासाठी वापरू नये. पाणी रोज बदलावे आणि भांडे घासावे. पाण्यावाचून एक दिवस जरी गेला तरी पुढचे काही दिवस अंडी थांबू शकतात.

इतके सर्व जागेवर असेल तरच दिवा लावावा. लाव्याला दिवसाची लांबी केवळ डोळ्यांनी कळत नाही. कवटीतून आत पोहोचणारा प्रकाश मेंदूतील संवेदी पेशी थेट टिपतात आणि त्यावरून अंडाशयाला जाग येते. अंड्यांसाठी एकूण 14 ते 16 तासांचा उजेड लागतो. नैसर्गिक दिवस 11 तासांचा असेल तर उरलेले तास एकदम न वाढवता आठवड्याला अर्धा तास असे वाढवत न्यावेत आणि ते पहाटेच्या बाजूला जोडावेत, म्हणजे संध्याकाळी उजेड हळूहळू मावळतो व दिवा अचानक विझून पक्षी गोंधळात पडत नाहीत. दिवा प्रखर नको. पक्ष्याच्या उंचीवर वर्तमानपत्र वाचता येईल एवढा प्रकाश पुरतो. तो टायमरवर लावणे हेच शहाणपणाचे, कारण हाताने लावलेल्या दिव्याच्या वेळा पाळल्या जात नाहीत. रात्रभर उजेड ठेवणे मात्र कटाक्षाने टाळावे, आठ तासांचा काळोख त्यांना हवाच.

प्रकाश पुरेसा झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत अंडी दिसू लागतात. ती सकाळी शोधू नयेत; लावे बहुधा दुपार कलल्यावर ते अंधार पडेपर्यंत अंडी घालतात, म्हणून पिंजरा संध्याकाळी पाहावा. पहिली काही अंडी लहान किंवा बिनठिपक्यांची निघाली तर काळजीचे कारण नाही. पुढे लक्ष देऊन पाहिल्यास प्रत्येक मादीच्या अंड्यावरील डागांची नक्षी ठरलेली असते असे आढळेल: एकीची मोठ्या काळ्या धब्ब्यांची, दुसरीची बारीक शिंतोड्यांची. पाच माद्यांमध्ये नेमकी कोण थांबली आहे हे त्यावरून ओळखता येते, आणि तिलाच उचलून तपासता येते.

अंडे अडकल्यास मादी पिसे फुगवून एका जागी बसते, शेपटी खालीवर करत जोर लावते आणि खाणे सोडते. अशा मादीला ऊबदार, शांत खोक्यात ठेवावे, पोट दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न करू नये आणि त्याच दिवशी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावे; त्याचा पत्ता व वेळा आधीच लिहून ठेवणे हाही तयारीचाच भाग आहे. पिसे झडू लागली की अंडी थांबणे स्वाभाविक असते. त्या काळात जादा दिवा हळूहळू कमी करून मादीला काही आठवडे विसावा द्यावा, प्रथिनयुक्त खाद्य मात्र चालूच ठेवावे, आणि नवी पिसे पूर्ण भरल्यानंतरच टायमर पुन्हा अर्ध्या अर्ध्या तासाने पुढे न्यावा.