मुलांची पहिली हरणाची रायफल: या चुका टाळा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणांच्या शिकारीचा सीझन नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी उघडतो आणि नऊ दिवस चालतो. त्याआधीचे काही आठवडे मी आमच्या नेमबाजीच्या रेंजवर मदतीला असतो. बाप नवी कोरी रायफल खांद्याला लावून पुढे, पोरगं मागे. रायफलकडे नुसतं पाहिलं तरी पुढचा अर्धा तास कसा जाणार ते कळतं. हल्ली यात आपली मराठी मंडळीही दिसतात. मुलाच्या वर्गातली निम्मी पोरं शिकारीला जातात, मग आपलंही मागे लागतं. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंदच झाली, त्यामुळे घरात कुणी सांगणारं नसतं. सल्ला मिळतो तो काउंटरपलीकडच्या विक्रेत्याकडून, नाहीतर यूट्यूबवरून. (आजीला व्हिडिओ कॉलवर काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा.)

वाढत्या अंगाची रायफल घेणं

शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा शिवतो. रायफल तशी घेता येत नाही, पण नव्वद टक्के बाप तशीच घेतात. मोठ्या माणसाच्या रायफलीत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साधारण साडेतेरा इंच असतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला बारा ते साडेबारा पुरतात. इंचभराने काय होतंय, असं वाटतं ना? हे वाचा.

एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. पोर अकरा-बारा वर्षांची, अंगाने बारीक. रायफल .३०-०६ या दणदणीत काडतुसाची, पूर्ण मापाची, वर भलामोठा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण. दस्ता खांद्यात बसेना म्हणून तिने तो दंडावर टेकवला. स्कोपमध्ये काळं वर्तुळ दिसायला लागलं, म्हणून मान पुढे, आणखी पुढे. मी "थांब" म्हणेपर्यंत बार झाला आणि स्कोपची कड भुवईवर बसली. रक्त फार नव्हतं, पण भुवईवर अर्धचंद्र उमटला. मी हळूच म्हटलं, "दस्ता लांब पडतोय हिला." तर गृहस्थ म्हणतात, "अहो, दोन वर्षांत उंच होईल ती. परत परत कोण घेणार?"

मुलगी रडली नाही. पुन्हा बसली, नेम धरला. मी तिच्या नकळत आत डमी, म्हणजे न उडणारं खोटं काडतूस सरकवलं होतं. तिने डोळे घट्ट मिटून चाप ओढला आणि नळी चार बोटं खाली गेली. बार झालाच नव्हता, तरी सगळं अंग दचकलं. हे दचकणं एकदा अंगात शिरलं की काढायला अख्खा हिवाळा जातो. तिला पुन्हा .२२वर, म्हणजे जेमतेम धक्का देणाऱ्या छोट्या काडतुसाच्या रायफलीवर आणलं, कागदावर, गत्त्यावर, डब्यांवर मारायला लावलं. पुढच्या सीझनला आखूड दस्त्याची, सौम्य काडतुसाची .२४३ मिळाली तेव्हा कुठे पोर हसायला लागली. वडिलांना रायफल दोनदा घ्यावी लागलीच.

माझी सवय सांगतो. कोपर काटकोनात वाकवायचं, दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवायचं. तर्जनीचं पहिलं पेर सहज चापावर आलं, तर माप जवळपास बरोबर. पण ही परीक्षा दुकानातल्या उबेत टी-शर्टवर घेऊ नका. नोव्हेंबरात पोराच्या अंगावर जाड जॅकेट असणार आणि तेवढ्याने दस्ता आणखी लांब होतो. जॅकेट सोबत न्या. लोक हसले तर हसू द्या. 'यूथ' किंवा 'कॉम्पॅक्ट' मॉडेल बघा, किंवा ज्याच्या दस्त्याला काढघाल करायच्या चकत्या असतात ते बघा. पोर वाढलं की चकती घाला. वाढत्या अंगाची हौस तिथे भागवा.

"मोठ्या जनावराला मोठी गोळी"

इथलं व्हाइटटेल जातीचं हरीण म्हणजे रानरेडा नव्हे. १९५५ साली आलेली .२४३ विंचेस्टर ही .३०८चंच काडतूस तोंडाशी आवळून केलेली आहे. १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी खांद्याच्या मागे, फुप्फुसात बसली तर हरणाला ती पुरून उरते. साडेसात पौंडांच्या रायफलीत तिचा खांद्याला बसणारा धक्का नऊ-दहा फूट-पौंड, .३०-०६चा वीसच्या आसपास. म्हणजे दुप्पट. पोराचं वजन मात्र तुमच्या निम्मं. ६.५ क्रीडमोर आणि ७एमएम-०८ ही काडतुसं या दोन्हींच्या मधली, जरा दणकट मुलांसाठी. मॅग्नम, म्हणजे याहून जबर काडतुसाची रायफल घेऊन येणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, त्यांना आधी स्वतः दहा फैरी झाडायला सांगतो.

याच चुकीची एक धूर्त बहीण आहे: "हलकी आहे हो, पोराला उचलायला बरी." उचलायला बरीच, झाडायला वाईट. काडतूस तेच ठेवून आठ पौंडांची रायफल सहा पौंडांची केली की धक्का तिसऱ्या हिश्शाने वाढतो. मचाणावर बसणाऱ्या पोराला रायफल दिवसभर खांद्यावर वागवायची नसते. दोन पौंड जास्त असू द्या. आणि धक्का कमी करायला नळीच्या तोंडाला मझल ब्रेक नावाचं भोकांचं टोपण लावण्याचा शॉर्टकट मला मुळीच आवडत नाही. धक्का घटतो, आवाज कानठळ्या बसवतो आणि पोर आवाजाला दचकायला लागतं. ब्रेक असो-नसो, कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही.

काडतुसाचा खोका न वाचणं

.२४३ची सगळी काडतुसं हरणासाठी नसतात. ५५-५८ ग्रेनच्या हलक्या गोळ्या कायोटीसारख्या (कोल्ह्याच्या जातीतल्या) लहान जनावरांसाठी असतात. त्या लगेच फुटतात, हरणाच्या खांद्यावर वरवर जखम करतात आणि जनावर रानात तडफडत पळतं. सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून खोका उचलू नका. घरात .२२३ आणि .३०० ब्लॅकआउट या दोन्ही काडतुसांच्या रायफली असतील तर त्यांची काडतुसं वेगवेगळ्या कपाटांत ठेवा. ब्लॅकआउटचं काडतूस .२२३मध्ये कधीकधी बसतं, आणि मग बंदूक फुटते.

उरलेल्या, पटापट

दुकानात 'बोअरसाइट' करून दिलं, म्हणजे गोळी न झाडताच स्कोप नळीशी जुळवून दिला, म्हणजे नेम लागला असं नाही. कागदावर, त्याच खोक्यातल्या काडतुसांनी, शंभर यार्डांवर तपासा.

मूल उजव्या हाताचं असलं तरी प्रबळ डोळा, म्हणजे नेम धरताना आपोआप वापरला जाणारा डोळा, डावा असू शकतो. रायफल घ्यायच्या आधी बघा, नंतर नाही.

स्कोप कमी मोठं करून दाखवणारा घ्या. जास्त मोठं दाखवणाऱ्यात पोराला हरणाचे नुसते केस दिसतात, हरीण सापडत नाही.

सगळा सराव टेबलावर करून काय उपयोग? रानात टेबल नसतं. गुडघ्यावर, काठीच्या टेक्यावर, जॅकेट घालून करा.

बापाचा जन्म १ जानेवारी १९७३चा किंवा त्यानंतरचा असेल, तर विस्कॉन्सिनमध्ये पोराला सोबत नेऊन शिकवायलाही हंटर एज्युकेशनचा कोर्स आधी त्यालाच करावा लागतो. "मला काय शिकवणार?" म्हणत वर्गात मागे बसणारेच सुरक्षेच्या प्रश्नांना चुकतात.

आपल्या लोकांची खास चूक

एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. एखाद्या राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असेल तर सवलत मिळते, पण त्याची मुदत संपली की सवलतही संपली. "मित्राच्या नावावर घेऊ" हा सल्ला देणारा मित्र तुरुंगात तुमच्यासोबत येणार नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. शंका असेल तर आधी वकिलाला विचारा, विक्रेत्याला नाही.

आणि रेंजवर नेलेली पाठपिशवी घेऊन मुंबईचं विमान पकडू नका. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस स्कॅनरमध्ये दिसलं, तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली चौकशी सुरू होते आणि लग्नाला निघालेला माणूस पोलीस चौकीत बसतो. काडतुसांची पिशवी वेगळीच ठेवा. भडक नारिंगी रंगाची असली तर उत्तम, म्हणजे सुटीला जाताना घाईत कुणी तिच्यात पोरांचे कपडे भरणार नाही.