सांगलीहून समुद्रावर जाताना: अंदाज कुणाचा आणि केव्हाचा?

सांगली-मिरजेकडून शिडाची होडी शिकायला कोकणात निघालेलं माणूस मला पहिल्यांदा एकच विचारतं, "कोणतं अ‍ॅप बघू?" शीड कसं उभारायचं, वाऱ्यावर कसं वळायचं हे शिकवणारे भेटतात. अंदाज वाचायला मात्र जो तो एकटाच धडपडत शिकतो. मीही तसाच शिकलो, आणि आजही निघायच्या आदल्या रात्री मला झोप नीट लागत नाही. म्हणून हे लिहितोय. नॉट (वाऱ्याच्या वेगाचं एकक), भरती-ओहोटी, डिंगी (लहान होडी) हे शब्द तुम्हाला माहीत आहेत असं धरतो.

आधी एक साधी गोष्ट. हवामान खात्याच्या विभागणीत आपण मध्य महाराष्ट्रात येतो, किनारा कोकण-गोवा विभागात. त्यामुळे बातम्यांतला आपल्याकडचा अंदाज आंबा घाट उतरला की कामाचा राहत नाही. रत्नागिरी शहराचा अंदाज पाहूनही भागत नाही, तो जमिनीवरच्या माणसासाठी असतो, त्यात पाऊस आणि तापमान. तुम्हाला हवं ते किनारी हवामान बुलेटिन. ते मुंबईच्या केंद्रातून निघतं आणि किनाऱ्यापासून ७५ किलोमीटरपर्यंतच्या पाण्याबद्दल बोलतं. त्यापलीकडच्या समुद्राचं बुलेटिन वेगळं. सोबत मच्छीमारांसाठीचा इशारा पाहा. त्यात "ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत" अशी ओळ दिसली तर बॅग भरूच नका, त्यावर चर्चा नको. लाटांसाठी हैदराबादची इन्कॉइस, ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था. लाटेची उंची, दिशा, दोन लाटांमधले सेकंद, प्रवाह, सगळं तिथे मिळतं. हे सगळं फुकट आहे. पैसे भरून अ‍ॅप घ्यायची घाई नवख्यांनी अजिबात करू नये असं माझं ठाम मत आहे. बुलेटिन वाचता येत नसेल तर महागडं अ‍ॅप फक्त जास्त सुंदर रंग दाखवतं.

आता तो सापळा, ज्यात मी बराच काळ अडकून होतो. मी तीन अ‍ॅप बघायचो. एकात ९ नॉट, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात ९. तिघांचं जुळतंय म्हणजे पक्कं, असं वाटायचं. ते तसं नसतं. बहुतेक अ‍ॅप स्वतः अंदाज करतच नाहीत. जगात मोजक्या संस्था मोठ्या संगणकांवर वातावरणाचं गणित मांडतात, त्याला मॉडेल म्हणतात. अमेरिकेचं जीएफएस, युरोपीय केंद्राचं ईसीएमडब्ल्यूएफ, जर्मनीचं आयकॉन. जीएफएसचे आकडे पहिल्यापासून सगळ्यांना मोफत, म्हणून कितीतरी अ‍ॅपमागे तेच असतं. तीन पडदे, तीन रंग, पण गणित एकच. ते गणित चुकलं तर तिन्ही अ‍ॅप एकदम आणि सारखीच चुकतात, आणि तुम्ही समुद्रात असता.

सांगलीकराला हे खरं तर समजावून सांगायची गरज पडू नये. महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी कुणी सांगितली की आपण लगेच विचारतो, हे कितीचं? सकाळचं की आत्ताचं? मोजलं कुणी? तोच आकडा चार ग्रुपवर फिरला म्हणून चार जणांनी पुलाखाली जाऊन मोजला असं होत नाही. ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका हे पाठ असलेला माणूस समुद्राच्या अंदाजाला मात्र हा प्रश्न विचारत नाही. तो विचारायचा.

कसा विचारायचा ते सांगतो. अ‍ॅपमध्ये मॉडेलचं नाव शोधा. विंडी आणि विंडगुरूवर ते दिसतं आणि बदलताही येतं. एकच जागा, एकच वेळ ठेवा आणि जीएफएस, ईसीएमडब्ल्यूएफ, आयकॉन एकामागून एक बघा. वेगवेगळी गणितं असूनही आकडे जवळ आले तर तो खरा दिलासा. एकात ८ आणि दुसऱ्यात १८ आलं तर सरासरी काढून १३ धरू नका. समुद्राला सरासरी माहीत नसते. तयारी १८ ची करा, आणि १८ झेपणार नसेल तर किनाऱ्यावर थांबा. मॉडेलचं नाव कुठेच सांगत नाही ते अ‍ॅप काढून टाका.

दुसरा प्रश्न, केव्हाचा? ही गणितं दिवसातून चार वेळा, जागतिक वेळेनुसार (यूटीसी) ०, ६, १२ आणि १८ वाजताच्या स्थितीवरून सुरू होतात. आपल्याकडे त्यात साडेपाच तास मिळवायचे, आणि निकाल हाती यायला आणखी काही तास. म्हणजे पहाटे जेटीवर उभं राहून तुम्ही जे बघता ते फार तर आदल्या रात्री साडेअकराच्या स्थितीवरचं असतं. नकाशावर १२ यूटीसी लिहिलं असेल तर ते दुपारचे बारा नव्हेत, संध्याकाळचे साडेपाच आहेत. हा फरक विसरलात तर संध्याकाळचा वारा दुपारचा समजून बसाल. व्हॉट्सअ‍ॅपवरचा स्क्रीनशॉट तर मी उघडतच नाही. त्यावर ना मॉडेल, ना वेळ.

एकक एकदाच नॉटवर ठेवून द्या. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. काही ठिकाणी मीटर प्रति सेकंद असतं, तिथे ८ दिसलं की छाती हलकी होते, आणि ते निघतात जवळपास १६ नॉट. लाटेच्या आकड्याचंही तसंच. १.५ मीटर म्हणजे सगळ्यात मोठी लाट नव्हे, सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्यातली एखादी जवळजवळ दुप्पट निघू शकते. दोन लाटांमधलं अंतर १५ सेकंदांच्या पुढे असेल तर ती लाट दूर दक्षिण हिंदी महासागरातून आलेली असू शकते. वारा पडलेला, पाणी तेलासारखं, आणि किनाऱ्याला लागताना होडी उलटवणारी हीच लाट.

आता जे कोणत्याच अ‍ॅपवर नीट सापडत नाही. जागतिक मॉडेल नकाशाचे चौकोन पाडून गणित करतं, त्यातली एक चौकट ९ ते २५ किलोमीटरची. तिला तुमची खाडी दिसत नाही, सह्याद्रीची भिंतही पुसट दिसते. नकाशा बोटांनी मोठा केला म्हणून माहिती वाढत नाही. हिवाळ्यापासून मेपर्यंत पहाटे जमिनीकडून मतलई वारा आणि दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा, हा क्रम कोकणात रोजचा. अंदाजात १० नॉट आणि खाडीच्या तोंडाशी १५-१६, हे मला आता नवीन नाही. त्याच वेळी ओहोटी बाहेर ओढत असेल तर पाणी आणि वारा समोरासमोर भिडतात आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. नवख्यांची सगळ्यात वाईट दुपार इथेच होते. म्हणून परतायची वेळ भरतीशी जुळवा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळ मिळते, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं.

गुरूबद्दल. बंदरावरच्या तांडेलाला, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखाला, जरूर विचारा, त्याच्याइतका समुद्र कुणी पाहिलेला नसतो. पण प्रश्न नीट विचारा. "आज चालेल का?" म्हटलं तर तो स्वतःच्या इंजिनाच्या होडीचं उत्तर देतो. "दुपारनंतर वारा कुठून येईल, किती चढेल?" असं विचारा, आणि चालेल का ते तुमच्या होडीकडे बघून तुम्ही ठरवा. शिकवणारा निवडताना एवढंच बघा की त्यानं कधी फी घेतलेली फेरी हवेमुळे रद्द केली आहे का. कधीच केली नसेल तर दुसरा शोधा.

हे वाचून घाबरू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस शिकायला खरोखर मायाळू असतात. रोज पाण्याकडे बघून वारा ओळखा आणि मग अंदाज उघडा. लाटांवर पांढरे तुरे ठिकठिकाणी सारखे दिसू लागले की ११ ते १६ नॉट, हे काही आठवड्यांत डोळ्याला बसतं. वहीत दोन रकाने ठेवा, मॉडेल काय म्हणालं आणि भेटलं काय. एका मोसमात तुमच्या खाडीपुरतं कोणतं मॉडेल कमी दाखवतं ते कळायला लागतं. ही माहिती तुम्हाला कुणीही विकत देऊ शकणार नाही.

मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र वेगळे. अरबी समुद्रात कमी दाबाचा उल्लेख आला की पाच दिवसांपूर्वीचा अंदाज फेकून द्या आणि प्रत्येक नवं बुलेटिन वाचा. 'निसर्ग' हे वादळ २०२० साली २ जूनला चक्रीवादळ झालं आणि ३ जूनला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. सुटी टाकून घाट उतरून आलोय, आता परत कसं जायचं, हा विचार अशा वेळी डोक्यात येतो. मलाही येतो. तरी परत जायचं. जून ते सप्टेंबर तर शिडाचा विषयच नको.

निघण्याआधी बुलेटिन कागदावर उतरवून घ्या, पाण्यावर नेटवर्क जातं. किनाऱ्यावरच्या एका माणसाला परतायची वेळ सांगून ठेवा आणि त्याच्या फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आपल्या हातांनी टाकून द्या.